पंधरा राऊंडची शर्यत

एकतीस वर्षं मी एका खेड्यातल्या हायस्कुलात क्रीडाशिक्षक होतो. या एकतीस वर्षांत आमच्या शाळेचे वार्षिक क्रीडासामने छापलेल्या वेळेला सुरू झाले, असं एकदाही घडलं नाही. पत्रिकेत सकाळी नऊ असायचं. नऊ वाजता मैदानावर मी, शिपाई आणि मंडपवाल्याचं कुत्रं एवढेच हजर. साडेनऊला मुलं, दहाला शिक्षक, अकराला मुख्याध्यापक साहेब, आणि पाहुणे त्यांच्या सवडीनं. पाहुण्यांना फोन लावला की एकच उत्तर: "निघालोत." माणूस घरात दाढी करत असला तरी निघालेलाच असतो, हे मी नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच शिकलो.

बाकीच्या शिक्षकांना वाटायचं, पीटीच्या सराचं काम सोपं. "तुमचं बरंय ढगे सर, शिट्टी फुंकायची अन् सावलीला बसायचं." आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. मैदान म्हणजे काळी जमीन. दिवाळीनंतर तिला अशा भेगा पडतात की लेकराचा पाय घोट्यापर्यंत आत जावा. त्या भेगांत मुरूम भरा, धोंडे वेचा, कडेच्या रानातून मैदानात घुसलेल्या सोयाबीनची धसकटं उपटा, पाणी मारा, रोलर फिरवा. रोलर कुणाकडून मागून आणायचा, हा आणखी वेगळा विषय. मग खुंटी ठोकून, सुतळी बांधून, चुन्याच्या फक्कीनं दोनशे मीटरचा ट्रॅक आखा. आखून घरी जेवायला जा आणि परत येऊन बघा, तर अर्धा ट्रॅक कुणाच्या तरी म्हशींनी पुसलेला.

लोकांना ट्रॅक कळत नाही, याचाही त्रास होताच. वळणावर बाहेरच्या पट्टीतल्या पोराला जास्त पळावं लागतं, म्हणून त्याला सुरुवातीला पुढं उभं करतात. साधी गोष्ट. पण दरवर्षी कुणीतरी बाप तावातावानं यायचा. "माझ्या लेकराला सगळ्यात मागं कामून उभं केलं?" एका गृहस्थांना मी सुतळी धरून दोन्ही पट्ट्या मोजून दाखवल्या. त्यांनी स्वतःच्या पावलांनी पुन्हा मोजल्या. मोजून झाल्यावर म्हणाले, "तुमचं गणित बराबर असल गुरुजी, पण दिसाया चांगलं दिसत न्हाई."

लिंबू-चमच्याच्या शर्यतीत एका मुलीनं चमच्याला लिंबू गमानं चिकटवून आणलं होतं. मध्येच ठेच लागून मुलगी पडली, चमचा लांब उडाला, लिंबू मात्र चमच्यालाच. तिची आई मला म्हणे, "पडलं न्हाई ना लिंबू? मग झालं तर." अशा माणसांना काय समजावणार? पण हे सगळं बेजार करणारं असलं तरी त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगायचं आणि हसायचं. एक वर्ष मात्र असं गेलं की ते मी बायकोलाही बरेच दिवस सांगितलं नाही. निवृत्तीला सात-आठ वर्षं राहिली होती.

त्या वर्षी नववीत मुक्ता नावाची मुलगी होती. बाप ज्ञानबा मेंढ्या राखायचा. गावाच्या कडेला त्यांचं घर होतं, पण ते वर्षातले चार-पाच महिनेच उघडं असायचं. दिवाळी झाली की ज्ञानबा, त्याची बायको, भाऊ, लेकरं आणि मेंढ्या, सगळे खाली गंगाकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठाला, गंगाखेड-सोनपेठच्या अंगाला निघायचे. मोकळ्या रानात चारायचं, शेतकऱ्यांच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवायच्या आणि पाऊस पडता पडता परत यायचं. मुक्ता आठवीपर्यंत अशीच अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं वर्ष मेंढरांमागं होती. नववीत मात्र तिनं हट्ट धरला की मी गावातल्या आजीपाशी राहते, शाळा बुडवत नाही. बापानं ऐकलं. "एक वर्स बघू," म्हणाला. धाकटी जनीही मग तिच्यासोबत राहिली.

ज्ञानबा शाळेत यायचा तो वर्षातून एकदाच, पोरीचं नाव घालायला. त्या वर्षी सामन्यांच्या दिवशी मात्र मैदानाच्या भिंतीबाहेर तो मला उभा दिसला. त्या वर्षी त्यांचं निघणं लांबलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे निघणार होते. पोरगी पळणार म्हणून त्यानं एक दिवस आणखी थांबवलं होतं. मेंढ्या पलीकडच्या पडीक रानात होत्या. मी त्याला आत येऊन बसायला सांगितलं, तर म्हणाला, "हितंच बरं हाय."

मुक्ताची शर्यत मुलींची तीन हजार मीटर. ही शर्यत कशी मोजतात, ते सांगायला हवं. ट्रॅक दोनशे मीटरचा, म्हणजे पंधरा राऊंड. सहा मुली पळणार असतील तर मोजणारेही सहा लागतात. प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा, त्यावर एकाच मुलीचं नाव. ती समोरून गेली की एक रेघ मारायची. एवढा खटाटोप अशासाठी, की पाच-सात राऊंड झाले की चलाख मुलगी मागच्यांना मागून गाठायला लागते. मग कोण पुढं आणि कोण मागं, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. जी मागून येताना दिसते, तीच कदाचित सगळ्यांच्या एक राऊंड पुढं असते. पुठ्ठ्यावरच्या रेघा तेवढ्या खऱ्या.

मोजायला मी आठवीच्या सहा मुली बसवल्या होत्या, आठ दिवस सराव करून घेतलेल्या. शर्यत सकाळी दहाला होती. पाहुण्यांच्या हस्ते उद्‌घाटन व्हायचं म्हणून ती थांबली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ऊन चढलं. बारा वाजता मी मुख्याध्यापक साहेबांकडं गेलो आणि म्हणालो, "साहेब, लेकरं सकाळपासून उपाशी आहेत. मी लांब पल्ल्याची एक शर्यत सोडतो." ते फोनवर होते. त्यांनी हातानंच "सोडा" अशी खूण केली.

लाकडी फळ्या आपटून मी शर्यत सोडली. मुक्ता पहिल्या राऊंडपासून पुढं होती. तिचं पळणं काही शिकवलेलं नव्हतं. हात इकडंतिकडं जायचे, पण पाय असे पडायचे की माती उडत नव्हती. तिच्या मागं शीतल. ही एका शेतकऱ्याची मुलगी, गुलाबी रंगाचा टॉप घातलेली, चांगली चिवट. बाकी चौघी घोळक्यानं.

चौथा राऊंड चालू असताना मुख्याध्यापक साहेब घाईघाईनं आले. "पाहुणे फाट्यावर आलेत. या सहा मुली द्या मला. फुलं उधळायला कमी पडायल्यात."

"साहेब, या मोजायल्यात."

"सहाच तर पळायल्यात. तुम्ही एकटे मोजा की."

मी पुढं काही बोलण्याआधी मुली उठल्या होत्या. त्यांनाही फुलं उधळायची होतीच. सहाही पुठ्ठे गोळा करून मी मांडीवर घेतले आणि एकटा रेघा मारायला लागलो. पाच राऊंड झाले. जमत होतं. तेवढ्यात माइकवर माझं नाव आलं. "ढगे सरांनी ताबडतोब व्यासपीठावर यावं. पाहुण्यांचं स्वागत क्रीडाशिक्षकांच्या हस्ते होणार आहे."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा नाव आलं. तिसऱ्यांदा साहेबांच्या आवाजात आलं. जवळच गणिताचे मोरे सर छत्री उघडून उभे होते. मी पुठ्ठे त्यांच्या हातात दिले. "प्रत्येकीची वेगळी रेघ मारा सर. दोन मिनिटांत येतो."

"अहो जावा की, गणिताच्या माणसाला मोजायला सांगायलाव," ते हसून म्हणाले.

दोन मिनिटांचं काम नऊ मिनिटं चाललं. ताशे वाजले, फुलं उधळली. प्रतिमेला हार, नारळ, पाहुण्यांना शाल, पाहुण्यांबरोबर आलेल्या पाचजणांपैकी चौघांना टोप्या. पाचव्याला टोपी कमी पडली. ती आणायला माणूस धावला, तोवर सगळे तसेच उभे. सगळं मैदान व्यासपीठाकडं तोंड करून होतं आणि पाठीमागं सहा मुली पळत होत्या. मी परत आलो तेव्हा मोरे सरांनी सांगितलं, "तेरा झाले. आता चौदावा."

ट्रॅकवर पुढं शीतल होती. तिच्यामागं वीसेक पावलांवर मुक्ता. मला वाटलं, सुरुवातीला उधळली आणि आता दमली. असं दरवर्षी कुणीतरी करतंच. शीतल रेघेवरून गेली, मी शेवटच्या राऊंडची घंटा वाजवली. पाठोपाठ मुक्ता आली, रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून थांबली.

"थांबू नको. एक राऊंड बाकी आहे."

"सर, पंधरा झाल्या."

"चौदा झाल्यात. पळ."

"न्हाई सर. पंधरा झाल्या. मी मोजल्यात."

"मोजायला मी बसलोय का तू?"

तिनं एकदा मोरे सरांकडं आणि एकदा भिंतीपलीकडं बघितलं. मग निघाली. पण थांबलेलं अंग पुन्हा लगेच पळत नाही. शीतल पन्नास पावलांनी पहिली आली, मुक्ता दुसरी.

पाहुण्यांना वीस मिनिटांत दुसरीकडं जायचं होतं. त्यांच्या हातून एक तरी बक्षीस दिलं गेलं पाहिजे म्हणून साहेबांनी लगेच तीन बाक मांडायला लावले. शीतल मधल्या बाकावर चढली. तिसरी आलेली चढली. मुक्ता खालीच उभी. नाव पुकारलं तरी चढेना. पाहुणे घड्याळ बघायलेत, साहेब माझ्याकडं बघायलेत, फोटोवाला म्हणतोय, "बाई, वर या." सकाळपासूनचं ऊन, उपाशी पोट आणि चिडचिड, सगळं माझ्या डोक्यात एकदम चढलं. मी माइक घेतला आणि बोललो. खिलाडूवृत्ती म्हणजे काय, हे बोललो. खोटं बोलून पहिला नंबर मिळत नसतो, हे बोललो. आणि शेवटी म्हणालो, "आधी मोजायला शिका, मग पळायला या."

मुलं हसली. आमच्या मंडपवाल्याचे कर्णे गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जायचे. मुक्ता बाकावर चढली. दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र तिनं डाव्या हातात घेतलं आणि उतरून गेली. मी पुढची गोळाफेक पुकारली. भिंतीपलीकडं बघायला मला सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी ज्ञानबा शाळेच्या फाटकात उभा. खांद्यावर घोंगडी. शेजारी मुक्ता, पाठीवर दप्तर.

"गुरुजी, हिचं नाव काढायचं हाय."

"काढायचं? का?"

"घिऊन जातो संगं. आमी निघायलोत."

"ज्ञानबा, आता कुठं सहामाही झाली. वर्षभर ठेवतो म्हणाला होतात."

"म्हणलो व्हतो. पर काल तुमीच माइकवर म्हणलाव, हिला मोजता येत न्हाई." त्याचा आवाज चढलेला नव्हता. हिशेब विचारावा तसा तो विचारत होता. "गुरुजी, माझी दोनशे चाळीस मेंढरं हायेत. सांजच्याला वाड्यात जातानी हीच मोजती. मेंढरं काय लायनीत चालत न्हाईत. घुसत्येत, उड्या मारत्येत, चार चार संगट येत्येत. एक कमी भरलं तर ही म्हणती, बाबा, एक कमी हाय. आन् वढ्याला जाऊन बघावं तर खरंच एक ऱ्हायलेलं असतंय. ती पंधरा चकरा चुकल व्हय? आन् साळंत येऊन चुकाया लागली असल, तर मंग साळंचा उपेग काय?"

मला राग आला, हे कबूल करतो. निकाल लागला की लागला, रोज कुणीतरी बाप येणार आणि मी निकाल बदलणार, असं चालत नाही, असं मी त्याला ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाला, "मंग दाखला द्या."

त्या दोघांना शाळेपुढच्या कडुलिंबाखाली बसायला सांगून मी स्टाफरूममध्ये गेलो. पुठ्ठे आणावेत आणि मुक्ताच्या नावापुढच्या चौदा रेघा बापाला दाखवाव्यात, एवढंच माझ्या मनात होतं. पुठ्ठे मोरे सरांच्या कपाटावर होते. पाच पुठ्ठ्यांवर पाच-पाच रेघा, माझ्या हातच्या. त्यापुढं कोरे. शीतलच्या पुठ्ठ्यावर तेवढ्या पंधरा. मुक्ताच्या पुठ्ठ्यावरही पाच.

मोरे सर डबा ठेवत होते. "सर, बाकीच्यांच्या रेघा कुठं आहेत?"

"अहो, सगळ्या संगंच पळायल्या होत्या की. तो गुलाबी टॉप लांबून दिसायचा, म्हणून तिच्यावरनं मोजलं. तिच्या चौदा म्हणजे सगळ्यांच्या चौदा." मग माझं तोंड बघून म्हणाले, "कामून? चुकलं काही?"

मी शीतलला वर्गातून बाहेर बोलावलं. विचारलं, "काल मुक्ता तुझ्या पुढं होती का मागं?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "म्होरं होती सर. लय म्होरं. मी चौदावी मारायले तर ती मागून मला गाठायला आली होती."

"मग काल का नाही बोललीस?"

"तुमी घंटा वाजवली. मला वाटलं, तुमालाच बराबर म्हाईत असल."

मी मुख्याध्यापक साहेबांकडं गेलो. त्यांनी पेपर पुढं सरकवला. त्यात कालचा फोटो, पाहुणे, साहेब आणि मधल्या बाकावर शीतल. "पाहुण्यांच्या हातचं बक्षीस परत घ्यायचं म्हणता? त्यांना काय सांगू? तुम्ही टोप्या घालायलात तेव्हा शर्यत चुकली म्हणून?" मग म्हणाले, "फारच वाटत असलं तर दोघींना आज पुन्हा पळवा. जी येईल ती येईल."

मला तो तोडगा बरा वाटला. तेव्हा तरी वाटला. लिंबाखाली जाऊन मी मुक्ताला म्हणालो, "चूक आमची आहे. शर्यत पुन्हा घेऊ."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "सर, काल मी सोळा पळले. अजून किती पळू?"

मी तिथंच लिंबाच्या पाराला टेकलो. "मग मी काय करू, तू सांग."

तिनं बापाकडं बघितलं. बाप मेंढ्यांच्या दिशेनं बघत होता. "नंबर ऱ्हाऊ द्या सर. शीतल बी पळलीच की. पर मी खोटं बोलले म्हणलाव ना, ते न्हाई बोलले, एवढं म्हणा. माइकवर."

मंडपवाला वायर गुंडाळत होता. त्याला दुपारी दुसऱ्या गावात लग्नाला कर्णे लावायचे होते. मी म्हणालो, पाच मिनिटं माइक चालू कर. तो कटकट करायला लागला. "आता कशाला सर? कालच झालं की सगळं."

"माझी चूक झालीय. ती सांगायचीय."

त्यानं वायरचं वेटोळं खाली ठेवलं. "मग दोन कर्णे लावतो," म्हणाला, "तिसऱ्याची वायर गाडीत गेली."

प्रार्थना संपली आणि मी माइकसमोर उभा राहिलो. एकतीस वर्षांत मी त्या माइकवरून किती बोललो असेन, त्याची मोजदाद नाही. रांगा सरळ करा, हात खांद्याला, कचरा उचला. त्या दिवशी मी माइक दोन्ही हातांनी धरला. मी म्हणालो, "काल मुलींची तीन हजार मीटर शर्यत मुक्तानं जिंकली होती. तिनं पंधरा राऊंड पूर्ण केले होते. मोजणी मी अर्ध्यावर सोडून गेलो, म्हणून चूक झाली. मुक्ता बरोबर मोजत होती. ती खोटं बोलली नाही. मी तिला सगळ्यांसमोर बोललो, ते चूक होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या का नाही, हे लेकरांना कळत नव्हतं. मागच्या रांगेत मोरे सर खाली बघून उभे होते. साहेबांनी लगोलग माझ्या हातून माइक घेतला आणि परीक्षेच्या फॉर्मची सूचना वाचायला सुरुवात केली. दोन दिवसांनी त्यांनी माझ्याकडं लेखी खुलासा मागितला, शाळेची प्रतिमा मलिन केल्याबद्दल. मी चार ओळींत दिला. त्याचं पुढं काही झालं नाही, फक्त साहेब वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

पण मी सांगत होतो ते त्या सकाळचं. मुलं वर्गात जायला लागली तेव्हा मी लिंबाकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं. फाटकापर्यंत गेलो, रस्त्यावर बघितलं. लांब रानाच्या कडेनं मेंढ्या चालल्या होत्या आणि त्यांच्यामागं ज्ञानबा आणि त्याची माणसं. त्यांत मुक्ता नव्हती. परत वळलो, तर नववीच्या रांगेत शेवटून तिसरी मुक्ता, पाठीवर दप्तर.

निकालपत्रात बदल झाला नाही. आजही शाळेच्या रजिस्टरात त्या वर्षीची पहिली शीतल आणि दुसरी मुक्ता आहे. मी अर्ज दिला होता. तो कुठल्या फायलीत गेला, मला माहीत नाही. मी आणखी भांडायला हवं होतं. माझ्या नोकरीची वर्षं सरत आली होती, साहेबांशी वैर घ्यायचं जिवावर आलं. हेच खरं कारण आहे, दुसरं काही नाही.

पुढल्या वर्षी सामन्यांची यादी करताना तीन हजार मीटरमध्ये मुक्ताचं नाव नव्हतं. ती आता दहावीत होती. मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं. "नाव का दिलं नाहीस?"

ती म्हणाली, "पळते सर. पर मोजाया आमची जनी बसल."

जनी, तिची धाकटी बहीण, पाचवीत. स्पर्धकाच्या घरचं माणूस मोजायला बसत नसतं, असा नियम आहे. तो नियम मीच या शाळेत वीस वेळा सांगितलेला. "बसू दे," म्हणालो. त्याच दिवशी साहेबांना लेखी दिलं, की धावण्याची शर्यत चालू असताना मोजणाऱ्यांना कुणी उठवणार नाही आणि मीही उठणार नाही.

त्या वर्षी शीतलनं वर्षभर कालव्याच्या रस्त्यानं पहाटे पळून तयारी केली होती. मुक्ताची आजी आजारी होती. घरचा स्वयंपाक, धुणी-भांडी, वर दहावीचं वर्ष, त्यामुळं सराव नव्हताच. मला ते माहीत होतं आणि तिलाही. ज्ञानबा मेंढ्या भावावर सोपवून गंगाखेडकडून एक दिवस आला होता. यावेळी तो भिंतीबाहेर थांबला नाही. आत आला आणि फक्कीच्या पोत्याशेजारी उकिडवा बसला.

शर्यत सुरू झाली. सहा मुली पुठ्ठे घेऊन ओळीत आणि त्यांच्या पलीकडं जनी. तिच्यापुढं खड्यांचे दोन ढीग होते, एक मुक्ताचा आणि एक शीतलचा. रेघेवरून गेली की खडा इकडून तिकडं. आठव्या राऊंडला पाहुणे आले. माइकवर माझं नाव आलं, दोनदा, तीनदा. मी जागेवरून हललो नाही. जनीनंही मान वर केली नाही.

शेवटच्या दोन राऊंडांत शीतल पुढं गेली. मुक्तानं जोर लावला, पण अंतर कमी होईना. शीतल तीसेक पावलांनी आधी आली. मुक्ता आली, रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. या वेळी तिला कुणी पळायला सांगितलं नाही.

ज्ञानबा जनीला म्हणाला, "किती झाल्या गं?"

"पंधरा."

"दोघींच्या बी?"

"दोघींच्या बी. आधी शीतलताईच्या."

मग तो माझ्याकडं वळला. "मंग आमच्या मुक्ताचा कितवा नंबर, गुरुजी?"

"दुसरा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "बराबर हाय. ह्यो दुसरा बराबर हाय."

तोवर बाक मांडून झाले होते. मुक्ता कुणी नाव पुकारायची वाट न बघता दुसऱ्या क्रमांकाच्या बाकावर जाऊन उभी राहिली आणि वरून शीतलला काहीतरी बोलली. दोघी हसल्या. ज्ञानबानं घोंगडी खांद्यावर सारखी केली, उठला आणि मला विचारलं, "गुरुजी, जिंतूरची यष्टी किती वाजता हाय?"